निर्यात आणि निर्यातन

मार्कंड्याच्या देवालयांवरील शिल्पांविषयी ह्या महिन्यात लिहू, असे आम्ही वाचकांस कबूल केले होते. ते पुढील खेपेस. मध्यंतरी आमच्या घरी एक प्रश्न उपस्थित झाला आणि त्याचा निकाल लावण्यात आमचे तीन आठवडे गेले. प्रश्न घरगुती असला तरी त्याची मुळे चीन-जपानपर्यंत पोहोचलेली निघाली, म्हणून तो येथे मांडण्यास संकोच वाटत नाही.

चामोर्शीस आमचे एकत्र कुटुंब आहे. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव बी. कॉम. होऊन दोन वर्षे घरी आहेत. एके रात्री भोजनोत्तर ओसरीवर बसलो असता त्यांनी विषय काढला, "मोठेकाका, मी हायवा घेतो म्हणतो. सूरजागडचा दगड वाहायला." आमच्या वयाच्या वाचकांसाठी खुलासा करणे अवश्य आहे की, हायवा म्हणजे मागील हौदा उचलून माल ओतणारा अवजड ट्रक. त्यास कर्ज हवे, कर्जास तारण हवे, आणि तारणास घरात नदीकडील पाच एकर धानाच्या जमिनीखेरीज दुसरे काही नाही. बंधू मान खाली घालून सुपारी कातरीत होते. आमच्या मातोश्रींना नव्वदी लागली आहे. त्या आतून म्हणाल्या, "गाडीचं राहू द्या. वावर कुणाच्या नावानं राहील, तेवढं सांगा."

पुतण्याने आपली बाजू हुशारीने मांडली, हे कबूल केले पाहिजे. त्याचे म्हणणे असे की, जग आता एक बाजारपेठ झाले आहे. जो देश अधिक निर्यात करतो तो अधिक वेगाने वाढतो. आपल्या जिल्ह्यापाशी जगास हवी अशी एकच वस्तू आहे, ती लोखंडाचा दगड. तो जितका बाहेर जाईल तितका जिल्हा वाढेल, आणि जिल्हा वाढेल तसे आपण वाढू. "पुस्तकातच आहे हे," त्याने शेवटी म्हटले.

पुस्तकात आहे हे खरे, आणि ते खोटे आहे असे आम्हीही म्हणत नाही. गावच्या बाजारात दहा घागरी विकणारा कुंभार जगाच्या बाजारात दहा हजार विकू लागला, तर त्याचे चाक अधिक फिरेल, चार हाताखालचे लोक लागतील, माती मळण्याचे यंत्र घेता येईल, आणि परदेशच्या गिऱ्हाइकाची खोड काढण्याची सवय पाहून घागर अधिक सुबक होईल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने हेच केले, पुढे दक्षिण कोरियाने केले, १९७८ नंतर चीनने केले. आपल्या देशाने १९९१ साली दारे बरीचशी उघडली, त्याचेही फळ शहरांतून दिसते. परंतु ह्या सर्व उदाहरणांत कुंभार घागर विकतो आहे. माती विकणाऱ्या कुंभाराची गोष्ट पुस्तकाच्या त्या पानावर नसते.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यात गेला, म्हणून थोडे व्याकरण वाचकांनी सोसावे. 'निर्यात' ह्या शब्दात 'या' म्हणजे जाणे हा धातू असून 'निर्' म्हणजे बाहेर. निर्यात म्हणजे बाहेर गेलेले, एवढेच. त्याच्या मोबदल्यात काय आले, कोणाच्या घरी आले, ह्याविषयी शब्द मौन पाळतो. ह्याच्याच शेजारी कोशात 'निर्यातन' असा दुसरा शब्द आहे. तो दिसावयास सख्खा भाऊ, पण त्याचा धातू निराळा, 'यत्'. त्याचा अर्थ परत करणे. ठेव ठेवली असेल ती ठेव देणाऱ्यास परत पोहोचविणे, ऋण फेडणे. (वैर फेडण्यासही तोच शब्द लावतात, ते तूर्त बाजूस ठेवू.) आमच्या मते एखाद्या प्रदेशाची निर्यात किती झाली हे विचारून झाल्यावर निर्यातन किती झाले हे विचारल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. पुतण्यास हे सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, बँकेत व्याकरण चालत नाही." त्याचेही खरेच. म्हणून आम्ही इतिहासाकडे वळलो, कारण ह्या प्रश्नाचा पहिला खटला आमच्याच मुलखात दीडशे वर्षांपूर्वी चालला आहे.

गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. तत्पूर्वी हा सर्व मुलूख चांदा जिल्ह्यात मोडत असे, आणि चांद्याचे लोखंड फार पूर्वीपासून प्रसिद्ध होते. रानातील लाकडी कोळशावर लहान भट्ट्या लावून येथील लोहार दगडातून लोखंड काढीत आणि त्याचे फाळ व कुऱ्हाडी घडवीत. पुढे विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले, रानातील लाकडावर सरकारी निर्बंध आले आणि भट्ट्या विझल्या. जागतिकीकरण हा शब्द तेव्हा नव्हता. गोष्ट हीच होती.

१८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ ह्या तज्ज्ञाचा एक अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम लोहखनिज असून वरोऱ्यास दगडी कोळसाही आहे, असे त्यात होते. जमशेटजी नागपूरला नवखे नव्हते. १८६१ ते ६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्याने तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाड व हिंगणघाटकडील कापसास अपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो भाव जसा आला तसा गेला. कापूस गाठी बांधून मुंबईस पाठवीत राहण्याऐवजी जेथे पिकतो तेथेच त्याचे सूत काढावे, ह्या विचाराने जमशेटजींनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. तेच डोके लोखंडाकडे वळले. त्यांनी लोहाऱ्याचा दगड आणि वरोऱ्याचा कोळसा तपासून पाहण्यासाठी जर्मनीस पाठविला. दगड चांगला निघाला. कोळसा लोखंड वितळविण्यास निरुपयोगी ठरला. त्यात खाणकामाच्या सरकारी अटी जाचक होत्या. बेत राहिला.

ह्या शतकाच्या आधीच्या शतकारंभी, लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत त्या अटी सैल झाल्या, तेव्हा जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी व अमेरिकन भूगर्भवेत्ते वेल्ड ह्यांनी पुन्हा चांद्याचे रान तुडविले आणि पुन्हा निराश झाले. दोराबजी हे कळविण्यास नागपुरास कमिशनरकडे गेले. साहेब भेटेपर्यंत वेळ काढावा म्हणून समोरच्या अजबखान्यात शिरले आणि तेथे टांगलेल्या भूगर्भविषयक नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातील लोखंडाची खूण दिसली. ते डोंगर म्हणजे आमच्या सरहद्दीपासून फार दूर नसलेले धल्ली-राजहरा. पुढे १९०४ साली प्रमथनाथ बोस ह्यांचे पत्र आले, शोध मयूरभंजाकडे गेला, १९०७ साली कंपनी स्थापन झाली, आणि १९१२ साली साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, पोलाद निघाले. चांद्याने कारखाना गमावला. तो एका अंगी निरुपयोगी ठरलेल्या कोळशामुळे, दुसऱ्या अंगी कायद्यामुळे. ही हकिकत सांगताना आम्हांस नेहमी थोडी चुटपूट लागते. पण तिच्यातला मुद्दा असा की, जमशेटजींनी दगड जहाजात भरला तो विकण्यासाठी नव्हे, तपासण्यासाठी. दगड विकून मोकळे होण्याचा मार्ग त्यांस खुला नव्हता असे नाही. त्यांना तो व्यापार वाटला नाही.

तो मार्ग पुढे शेजाऱ्यांनी पत्करला. इंद्रावतीपलीकडे, बस्तरातील बैलाडिला डोंगराचे खनिज जपानच्या पोलाद कारखान्यांस देण्याचा करार १९६० साली झाला आणि १९६८ पासून ते मोठ्या प्रमाणावर निघू लागले. डोंगर-दऱ्या फोडून किरंदुलपासून विशाखापट्टणमच्या बाजूस रेल्वे नेली, ती मुख्यतः ह्या दगडासाठी. जपानच्या भूमीत म्हणण्यासारखे लोह नाही. त्याने आमच्या शेजारचा दगड घेतला, त्याचे पोलाद केले, पोलादाच्या मोटारी केल्या आणि त्या साऱ्या जगास विकल्या. दक्षिण कोरियानेही १९७३ साली पोहांगचा कारखाना सुरू केला, तो परक्या दगडावरच. आणि बस्तरात स्वतःचे पोलाद केव्हा निघाले? नगरनारचा कारखाना राष्ट्रास अर्पण झाला तो ३ ऑक्टोबर २०२३ रोजी. पंचावन्न वर्षे दगड जात होता. त्या अवधीत निर्यातीचे आकडे प्रतिवर्षी सरकारी अहवालात छापले जात होते आणि ते खोटे नव्हते.

"पण आता तसं नाही, काका," पुतण्या म्हणाला, "आता भाव चांगला आहे." येथेच त्याला आम्ही थांबविले. भाव कोण ठरवितो? आज जगातील निम्म्याहून अधिक पोलाद एकटा चीन करतो, आणि त्यासाठी प्रतिवर्षी शंभर कोटी टनांहून अधिक खनिज बाहेरून आणतो. तिकडे इमारती बांधण्याचा वेग मंदावला की इकडे एटापल्लीच्या रानातील दगडाचे मोल उतरते. तो दगड समुद्राचे तोंडही न पाहता चंद्रपुराकडे गेला असला तरी उतरते. शिवाय दार आपल्या हातात नाही. २०२२ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने लोहखनिजावरील निर्यातकर शेकडा ५० केला आणि नोव्हेंबरात तो खाली आणला. देशातील पोलाद स्वस्त व्हावे म्हणून वाढविला, त्यामागचा हेतू वाईट नव्हता. पण सहा महिन्यांच्या त्या उघडझापीत ज्याच्या गाडीचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेस असतो, त्याने काय करावे?

गोव्याच्या लोकांनी ह्याचा अनुभव घेतला आहे. चीनच्या मागणीमुळे तेथील खनिजास असा उठाव आला की २०१०-११ च्या सुमारास वर्षास पाच कोटी टनांच्या आसपास माल मुरगाव व पणजी बंदरांतून बाहेर पडत होता. साखळी, डिचोली, केपे, सांगे ह्या भागांतील घरोघरी माणसांनी कर्जाने ट्रक घेतले. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बेकायदा खाणकामाच्या चौकशीनंतर खाणी थांबल्या; मध्यंतरी सुरू झाल्या; २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. निकाल योग्य की अयोग्य हा आमचा विषय नाही. ट्रक दारात उभे राहिले, एवढेच आम्हांस पुतण्यास दाखवावयाचे होते.

आता सूरजागडकडे. एटापल्ली तालुक्यातील ह्या डोंगराचा सुमारे ३४८ हेक्टरांचा पट्टा २००७ साली लॉईड्स मेटल्स कंपनीस मिळाला. काम सुरू होऊन २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी ट्रक जाळले, काम बंद पडले, आणि २०२१ पासून ते पुन्हा जोराने चालू झाले. डोंगरावर ठाकुरदेवाचे स्थान असून जानेवारीत तेथे यात्रा भरते. त्या भागातील कित्येक ग्रामसभांनी खाणीस विरोध नोंदविला आहे, आणि ज्याचे देवस्थान डोंगरावर आहे त्याच्या हिशेबात डोंगराची किंमत टनांवर मोजता येत नाही, हे देवळाच्या गावाशेजारी राहणाऱ्या आम्हांस तरी समजले पाहिजे.

कौटिल्याने खाणींवर निराळा अधिकारी नेमण्यास सांगून राजाच्या कोशाचे मूळच खाणीत आहे असे म्हटले आहे. आजचा कोश कसा भरतो तेही आम्ही पुतण्याबरोबर कागदावर मांडले. लोहखनिजाच्या ठरीव किमतीवर शेकडा १५ स्वामित्वधन शासनास जाते. २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना त्या स्वामित्वधनाच्या शेकडा ३० इतकी आणखी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे भरावी लागते. म्हणजे शंभर रुपयांच्या दगडामागे ज्या जिल्ह्याचा डोंगर, त्याच्या नावाने थेट येणारे असे साडेचार रुपये. बाकी जे उरावयाचे ते मजुरीत, भाड्यात आणि येथेच काही घडत असेल तर त्या घडविण्यात. पुतण्याने कागद दोनदा तपासला. बेरीज बरोबर होती.

घडविणे अगदीच नाही असे मात्र नाही, आणि हे लिहिण्यास आम्हांस संतोष वाटतो. आमच्याच तालुक्यात कोनसरीस लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे. २०२५ साली तेथे खनिजाच्या भुकटीपासून गोळ्या करण्याचा विभाग सुरू झाला. आणि ही भुकटी हेडरीहून कोनसरीस येते ती कशातून? पाण्यात कालवून, जमिनीखालच्या सुमारे ८५ किलोमीटरांच्या नळातून!

हे वाक्य आम्ही ओसरीवर उच्चारले तेव्हा सुपारी कातरण्याचा आवाज थांबला. पुतण्यास नळाची गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. त्या समारंभाची छायाचित्रे त्याने स्वतः आम्हांस दाखविली होती. पण त्या नळाचा आणि आपल्या हायव्याचा काही संबंध आहे, हे त्याच्या मनात आले नव्हते. दगडाचे काम जसजसे येथेच होऊ लागेल, तसतशी दगड वाहणाऱ्याची गरज कमी आणि दगडाची परीक्षा करणाऱ्याची, यंत्र दुरुस्त करणाऱ्याची, हिशेब ठेवणाऱ्याची गरज अधिक, हा ह्या धंद्याचा क्रमच आहे. जिल्ह्याच्या दृष्टीने ते चांगले. हप्त्यावर गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने नव्हे.

त्याने उलट विचारले, "मग जिल्ह्यातून काही बाहेर पाठवूच नये का?" प्रश्न रास्त होता. त्याला आम्ही धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाची आठवण दिली. वर्षानुवर्षे ह्या रानांतील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी कागदाच्या कारखान्याकडे जाई आणि गावाच्या वाट्यास तोडणीची मजुरी तेवढी येई. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये मेंढ्यास २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलात केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावी आले आणि वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबू तोच, जाणारा रस्ता तोच, बाहेरचे गिऱ्हाईकही तसेच. पण किती तोडावा, कोणास द्यावा आणि कोणत्या भावास द्यावा, हे गाव बसून ठरवू लागले. माल बाहेर गेलाच, पण त्याच्या मागोमाग काही परतही आले.

तेंदूपानाची गोष्ट इतकी सरळ नाही. तेथेही ग्रामसभांना विक्रीचा हक्क आला आणि २०१७ साली पानास कधी न मिळालेला भाव मिळाला. त्याच वर्षीच्या जुलैत विडीवर शेकडा २८ वस्तू व सेवा कर लागला आणि पुढील हंगामात तो भाव उरला नाही. हक्क हाती आला म्हणजे बाजार हाती आला, असे नाही.

आणि धान? जी जमीन तारण ठेवावयाची ती धानाची, म्हणून तेही बोलणे झाले. तांदळाच्या जागतिक व्यापारात चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा आपल्या देशाचा. तरी २०२३ च्या जुलैत बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली ती सप्टेंबर २०२४ पर्यंत उघडली नाही. एवढ्याने धानाचे शेत ओसाड पडत नाही, कारण तांदूळ घरीही शिजतो. आमचे कुटुंब ह्यावर म्हणाले, "दगड शिजत नाही, एवढंच ना तुम्हांला म्हणायचंय? मग तीन आठवडे कशाला लावले?"

आमच्या शेतात एच. एम. टी. धान असते. हे वाण नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे ह्यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या तीन लोंब्या जपून निवडीने तयार केले. नाव पडले त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून. तो दाणा कित्येक राज्यांत गेला, गिरण्या त्याच्यावर चालल्या, दादाजींना २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवही मिळाला. आणि २०१८ साली ते वारले तेव्हा त्यांच्या घरी दारिद्र्यच होते. ह्याहून मोलाची वस्तू आमच्या दोन जिल्ह्यांतून बाहेर गेल्याचे आम्हांस आठवत नाही. तिचे निर्यातन कोणत्या रकान्यात लिहावे?

गेल्या सोमवारी पुतण्या सकाळीच बाहेर पडला. ज्यांच्याकडे गाडी लावण्याचे बोलणे चालले होते त्या ठेकेदारास त्याने विचारले की, खेपांचा करार किती वर्षांचा. उत्तर मिळाले की करार नाही. माल असेल त्या दिवशी खेप. सायंकाळी त्याने येऊन तेवढेच सांगितले आणि बँकेचे कागद देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवून दिले. दुसरे दिवशी तो कोनसरीकडील एका कामाची चौकशी करून आला. खनिजाचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोंदी ठेवण्याचे काम आहे, पगार हायव्याच्या स्वप्नापुढे फारच थोडा आहे, आणि मिळेलच अशी खात्री नाही. बंधूंस ते पसंत आहे. पुतण्यास अद्याप नाही. तो अधूनमधून ओसरीच्या कडेशी उभा राहून आष्टीकडून येणाऱ्या गाड्या मोजीत असतो. मातोश्रींनी मात्र काल रोवणीसाठी बायका सांगण्याविषयी विचारले, आणि नदीकडील पाच एकरांत ह्या वर्षीही एच. एम. टी.च घालावयाचे ठरले आहे.